जपानचे दोन दरबार एका कालपटावर: १३३६ ते १३९२

बडोद्यात पाडव्याला मराठी घरात शक बदलतो, तर शेजारच्या गुजराती घरात संवत दिवाळीनंतर. त्यामुळे एकाच दिवसाला दोन सनांची नावं असणं इथल्या मुलांना नवं नाही. जपानमध्ये या काळात उत्तर आणि दक्षिण असे दोन दरबार होते, प्रत्येकाचा सम्राट वेगळा आणि सनही वेगळा. त्यांचा तक्ता शाळेच्या प्रदर्शनासाठी करताना याचा फायदा होतो. फरक एवढाच की तिथे सनाच्या नावावरून लिहिणारा कोणाच्या बाजूचा होता ते कळतं.

५६ × ७१ सें.मी.चे दोन चार्टपेपर आडवे जोडा. एका वर्षाला २ सें.मी. धरा, ५७ वर्षांना ११४ सें.मी. लागतात, उरलेली जागा डावीकडे नावांसाठी. वरची पट्टी राजधानी क्योतोची, म्हणजे उत्तर दरबाराच्या सम्राटांची: कोम्यो, सुको, गो-कोगोन, गो-एनयू, गो-कोमात्सू. खालची दक्षिणेची: गो-दाइगो, गो-मुराकामी, चोकेई, गो-कामेयामा. खालच्या पट्टीवर सरसकट ‘योशिनो’ (दक्षिण दरबाराचं सुरुवातीचं ठिकाण) लिहू नका. १३४८ मध्ये योशिनो जळालं आणि दरबार आनोला हलला.

इसवी सन काढताना जपानी सनाच्या पहिल्या इसवी वर्षात त्या सनाचा आकडा मिळवून १ वजा करा. दक्षिणेचा शोहेई १३४६ ला सुरू झाला, म्हणून शोहेई ६ म्हणजे १३५१. उत्तरेचा कान्नो १३५० चा. कान्नो २ म्हणजेही १३५१. तो १ वजा करायचा राहिला की सगळा तक्ता एक घर सरकतो. शिवाय वर्ष चांद्र आहे. गो-दाइगो योशिनोला पळाला तो दक्षिणेच्या एन्गेन सनाच्या १ल्या वर्षाचा बारावा महिना, पण आपल्या कॅलेंडरात जानेवारी १३३७.

सर्वांत जास्त चुका १३५१-५२ मध्ये होतात. भाऊ तादायोशीशी लढताना उत्तर दरबाराचा आधार असलेला शोगुन (लष्करी सत्ताधीश) अशिकागा ताकाउजी दक्षिणेला शरण गेला, सुको पदच्युत झाला आणि शोहेई हा एकच सन उरला. म्हणून वरची पट्टी इथे तोडायलाच हवी. १३५२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने क्योतो घेतलं आणि कोगोन (कोम्योच्या आधीचा उत्तरेचा सम्राट), कोम्यो, सुको या तिन्ही माजी सम्राटांना उचलून नेलं. राजचिन्हं नाहीत, अधिकार द्यायला निवृत्त सम्राटही नाही. शेवटी आजी कोगिमोन-इनच्या आज्ञेवर गो-कोगोनला गादीवर बसवलं. रंगसंगतीसाठी पट्टी सलग ठेवली तर हा सगळा पेच नाहीसा होतो.

शेवट दक्षिणेच्या गेन्चू ९ ला, म्हणजेच उत्तरेच्या मेइतोकू ३ ला: १३९२. गो-कामेयामाकडून राजचिन्हं गो-कोमात्सूकडे जाणारा बाण काढा. गादी दोन्ही घराण्यांना आळीपाळीने देण्याचा शब्द पुढे पाळला गेला नाही, तेव्हा उलटा बाण नको. अनुक्रमांक घालायचे तर आजच्या अधिकृत यादीप्रमाणे गो-दाइगो ९६, गो-कामेयामा ९९ आणि गो-कोमात्सू १००. त्याच्या आधीच्या उत्तरेच्या सम्राटांना या मोजणीत क्रमांक नाही.