गुडघा बदलल्यावर: आधी पाय सरळ, मग बाकी सगळं

आपल्याकडे 'वाटी बदलली' म्हणायची पद्धत आहे, पण वाटी बहुतेकदा जागेवरच असते. बदलतात ती झिजलेली टोकं. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी. ऑपरेशनच्या टेबलावर हा नवा सांधा पूर्ण सरळ होतो आणि चांगला वाकतोही, कारण भूल दिलेली असते आणि स्नायू सैल असतात. घरी आल्यावर सूज, दुखणं आणि भीती यांमुळे तोच सांधा आखडू लागतो. टेबलावर मिळालेली हालचाल हातची जाऊ द्यायची नाही, हे पुढच्या तीन महिन्यांचं काम. ते सर्जन करू शकत नाही. पेशंट आणि घरचे मिळूनच ते होतं.

गुडघ्याखालची उशी काढा

पहिली चूक मायेपोटी होते. मिरजेहून डिस्चार्ज घेऊन घरी आलं, पलंगावर टेकलं, की लेक नाहीतर सून गुडघ्याखाली उशी सरकवते. लगेच बरं वाटतं, कारण सुजलेल्या सांध्याला थोडं वाकून राहणंच सोयीचं असतं. पण रात्र-रात्र पाय तसाच राहिला की मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं, आणि गुडघा दहा-पंधरा अंशांच्या बाकात अडकून बसतो. मग नुसतं उभं राहिलं तरी मांडीच्या स्नायूला सुट्टी मिळत नाही, तो पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, लंगड राहते आणि पुढे कंबर धरते. वाकण्यात थोडं कमी पडलं तर माणूस चालवून घेतो. सरळ होण्यात कमी पडलं तर प्रत्येक पाऊल बिघडतं.

पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाच आणि पोटरीखाली घ्या, गुडघ्याची मागची बाजू मोकळी लोंबली पाहिजे. जाड टॉवेलची गुंडाळी फक्त टाचेखाली ठेवून १० मिनिटं पडून राहायचं, दिवसातून तीन-चार वेळा. गुडघ्यामागे ओढ बसते, ती बसायलाच हवी. पाय बाहेरच्या बाजूला कलंडला की ओढ नाहीशी होते, म्हणून बोटं छताकडे ठेवा.

सरळ झाला की नाही हे घरीच कळतं. कठीण गादीवर पाठीवर झोपा, पाय लांब करा आणि कुणाला तरी गुडघ्यामागून तळहात सरकवायला सांगा. हात सहज आरपार गेला तर अजून बाक आहे. मांडी आवळल्यावर हात गादीला दाबला जायला लागला की योग्य रस्त्यावर आहात. मऊ कापसाच्या गादीवर ही तपासणी फसवी ठरते, कारण टाच आत रुतते.

व्यायाम: थोडा थोडा, पण दिवसभर

ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. दुखतं, पण टाके सुटत नाहीत आणि सांधा निखळत नाही. पाय बधिर ठेवणारं नसेचं इंजेक्शन उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतं. त्याला घाबरून व्यायाम थांबवू नका. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ डॉक्टरांकडून बांधून घ्या.

जागे असताना दर तासाला घोटे वर-खाली, २० वेळा. याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं. मग मांडी आवळणं: पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबा, पाच आकडे मोजा, सोडा, १० वेळा. वाटी मांडीकडे सरकताना डोळ्यांनी दिसली पाहिजे. ती हलत नसेल तर स्नायू अजून झोपलेला आहे. तेव्हा मांडीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करा. ते जमलं की सरळ पाय सहा-आठ इंच उचलून पाच आकडे धरा. उचलताना गुडघा वाकत असेल तर उचलू नका, आवळण्यावरच परत या.

वाकवण्यासाठी झोपून टाच कुल्ल्याकडे सरकवायची. चादरीला टाच अडकते, म्हणून खाली प्लॅस्टिकची पिशवी घाला. तळव्याला पंचा अडकवून दोन्ही हातांनी ओढला तर शेवटचे थोडे अंश मिळतात. त्याहून चांगला व्यायाम खुर्चीवरचा. हात असलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवा. ऑपरेशनचा पाय जमेल तितका मागे घेऊन तळवा फरशीवर रोवा, आणि पाय न हलवता कंबर पुढे सरकवा. वीस आकडे थांबा, मागे या, १० वेळा. दर रविवारी टाचेच्या मागे फरशीवर खडूची रेघ मारा. खुर्ची तीच आणि जागा तीच ठेवली तर रेघा एकामागे एक सरकताना दिसतात, आणि सूज आलेल्या वाईट दिवशी धीर द्यायला त्या उपयोगी पडतात.

किती वाकायला हवा? दोन आठवड्यांत ९० अंश, म्हणजे खुर्चीत बसल्यावर नडगी ओळंब्यात उभी. दीड ते तीन महिन्यांत ११० ते १२०. चालायला साधारण ६५ ते ७० अंश पुरतात, जिन्याला ८५ ते १००, खुर्चीतून सहज उठायला १०० च्या आसपास. सहा आठवड्यांनंतरही ९० होत नसेल तर घरी जोर लावत बसू नका, सर्जनकडे जा. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, पण तो उपाय पहिल्या तीन महिन्यांत चांगला लागू पडतो. 'अजून महिनाभर बघू' म्हणत ही वेळ निघून जाते.

व्यायामानंतर बर्फ. पिशवीत बर्फाचा चुरा भरून ओल्या पंच्यात गुंडाळा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. थेट कातडीला लावू नका, कारण जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असतो आणि पोळलेलं कळत नाही. शेकायची पिशवी, गरम वीट, तेल-मालिश यांतलं काहीही नको. गरम शेकाने सूज वाढते. पोटरी रगडणं तर अजिबात नको, आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

घराची तयारी ऑपरेशनच्या आधी

वॉकर आधी आणा आणि बाथरूमच्या दारातून नेऊन बघा. जुन्या घरांची दारं दोन फुटांची असतात आणि वॉकरची खालची रुंदीही जवळपास तेवढीच. अडकत असेल तर आडवं होऊन एकेक पाऊल सरकायची सवय आधीच करावी लागते. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत हवी. उंच झाला तर खांदे दुखतात, बुटका झाला तर माणूस वाकून चालतो आणि गुडघाही वाकलेलाच राहतो. खालची रबरी बुचं झिजली की ओल्या शहाबादी फरशीवर वॉकर सरकतो. बुचं सुटी मिळतात, बदलून घ्या.

दोरीची बाज नको. पलंग असा हवा की कडेला बसल्यावर मांडी गुडघ्यापेक्षा खाली जाणार नाही. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून ठेवा, उंबऱ्याला पांढऱ्या रंगाची पट्टी ओढा, पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा चालू ठेवा. देशी संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. अंघोळीला रबरी पाय असलेला उंच स्टूल घ्या, पाट नको. हवाई चप्पल ऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. साडी घोट्याच्या वर ठेवा, वॉकरसोबत निऱ्या पायात येतात.

जिन्याचा नियम एकच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी विरुद्ध हातात, म्हणजे उजवा गुडघा बदलला असेल तर डाव्या हातात. दोन्ही गुडघे एकदम केले असतील तर जो पाय जास्त भरवशाचा वाटतो तो 'चांगला' धरा.

जखम, गोळ्या आणि धोक्याच्या खुणा

टाके किंवा स्टेपल साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. तोपर्यंत ड्रेसिंग कोरडं ठेवा. हळद लावू नका. सांगली हळदीचं गाव असलं तरी या जखमेवर डॉक्टरांनी सांगितलेल्या ड्रेसिंगशिवाय काहीच जायला नको. रक्त पातळ ठेवणारं औषध जितके दिवस लिहिलं आहे तितके दिवस घ्या, चालायला लागलो म्हणून मध्येच सोडू नका. वेदनाशामकांनी पोट बांधलं जातं: पाणी, पालेभाजी, पपई वाढवा. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून दोन्ही जेवणांत डाळ किंवा मोड आलेली मटकी, शिवाय दूध आणि चालत असेल तर अंडी. मधुमेह असेल तर साखर घरीच मोजा. ती वाढलेली राहिली की जखम भरायला उशीर होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

गुडघा काही महिने कोमट लागणं, संध्याकाळी सुजणं, चालताना टकटक आवाज येणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, पहिला महिना-दीड महिना रात्री झोप मोडणं, हे सगळं होतंच. त्याने घाबरू नका.

पण जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, लाली पसरत असेल, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा चढत असेल किंवा १००.४ च्या वर ताप टिकून असेल तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून चार दिवस बघणं ही इथली सर्वांत महाग पडणारी चूक. ताप दबतो, जंतू धातूवर बस्तान बसवतात, आणि मग नुसत्या धुण्यावर भागत नाही, सांधाच काढावा लागू शकतो. सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी गावातल्या दवाखान्यात सुईने काढून घेऊ नका, आत इंजेक्शनही घेऊ नका. एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच दाखवा. छातीत दुखून दम लागला तर थेट १०८ ला फोन.

पुन्हा कामाला

जत किंवा कवठेमहांकाळपर्यंत गाडीने जायचं असेल तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि तासाभराने उतरून पाय मोकळा करा. एसटी पहिला दीड महिना टाळलेली बरी, तिची पहिली पायरी फार उंच. कार किंवा स्कूटर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, तेही पाय अचानक दाबता येतो आणि झोप आणणाऱ्या गोळ्या बंद आहेत याची खात्री झाल्यावर. किक मारू नका. ट्रॅक्टरचा क्लच जड असतो आणि चढ-उतारही वाईट, त्याला तीन महिने थांबा.

द्राक्षबागेत उभ्याने होणारी कामं तीन महिन्यांनंतर हळूहळू सुरू करता येतात. खुरपणी उकिडवं बसून करू नका. धार काढायला दीड फूट उंचीचा स्टूल घ्या, आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेणं कायमचं सोडा. तोडणी झालेल्या उसाच्या बुडख्यांतून काठीशिवाय चालू नका. शेतातला आणखी एक धोका सहसा कुणी सांगत नाही. पायाच्या भेगा, पावसाळ्यातल्या चिखल्या, नखुरडं, बाभळीचा काटा, यांतून जंतू रक्तात शिरतात आणि नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. शेतात बूट घाला, भेगांना रोज व्हॅसलीन लावा, पिकलेली जखम अंगावर काढू नका. लघवीची जळजळ आणि दाताचं गळू यांनाही हेच लागू. दात काढायच्या आधी डॉक्टरांना गुडघ्याचं सांगा.

चालणं पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. सहा आठवड्यांनी सपाट रस्त्यावर १० ते १५ मिनिटं, तीन महिन्यांनी अर्धा तास. मोजमाप हे ठेवा: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज कालपेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, अंतर निम्मं करा. सांगलीकरांचं भाग्य म्हणजे जमीन सपाट आहे. आमराई बागेत सकाळी फेऱ्या मारा, पुढे हरिपूर रस्ता झाडांच्या सावलीतून धरा. कृष्णा-वारणेच्या संगमाकडे उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, तिथे वरूनच नमस्कार करा. घरची सायकल स्टँडवर लावून महिना-दीड महिन्याने पायडल मारता येतं. सीट उंच ठेवा, आधी उलटं फिरवा. पूर्ण चक्कर बसायला १०५ ते ११० अंश लागतात, तोवर पुढे-मागे झुलवा. पोहणं जखम पूर्ण भरल्यावर. पळणं, उड्या, कबड्डी नको.

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं यांना १३० अंशांच्या पुढचं वाकणं लागतं. काहींना ते जमतं, पण रोज केल्याने सांध्यातल्या पॉलिथिलीनच्या गादीवर कडेला ताण येतो. पंगतीत खुर्ची मागायला संकोच नको, आता प्रत्येक कार्यालयात चार खुर्च्या मांडलेल्या असतातच.

डिस्चार्जच्या कागदांत सांध्याच्या भागांचे छापील स्टिकर असतात: कंपनी, माप, क्रमांक. ते पान लॅमिनेट करून ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढा. १५-२० वर्षांनी गादी झिजली तर कुठल्या मापाची घालायची हे त्या कागदावरूनच ठरतं. दुखत नसलं तरी एक वर्षाने एक्स-रे काढा, आणि पुढचा कधी काढायचा हे सर्जनकडून त्याच फाईलवर लिहून घ्या.