अख्ख्या पायाची एकच फिल्म: स्टिचिंग शिकणाऱ्या नव्या टेक्निशियनसाठी

डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या मुलामुलींचा छाती, मनगट, गुडघा यांच्या एक्स-रेवर हात बसलेला असतो. मग परळ-दादरकडच्या एखाद्या सेंटरमध्ये नोकरी लागते आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी चिठ्ठी पुढे करतं: 'स्कॅनोग्राम, दोन्ही पाय, उभ्याने', म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा एक्स-रे. इथे गाडी अडते. कॉलेजात हा विषय एका तासात उरकलेला असतो आणि इंटर्नशिपमध्ये मशीनला हात लावायला सीनियर देत नाहीत. मी मुंबईत हे काम बरीच वर्षं करते आहे आणि आता नव्यांना शिकवायचं कामही बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

अडचण मापाची आहे. डिटेक्टरची, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीची, लांबी ४३ सेंटीमीटर, आणि मोठ्या माणसाचा पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत ८०-९० सेंटीमीटर. पूर्वी यासाठी १४ बाय ३६ इंचांची लांबच लांब फिल्म मिळायची. नंतर सीआर (कॅसेटमधल्या प्लेटवर इमेज टिपून ती मशीनमध्ये वाचायची पद्धत) आलं तेव्हा लांब स्टँडमध्ये तीन कॅसेट एकाखाली एक लावून एकाच एक्सपोजरमध्ये काम व्हायचं. त्यात प्लेटच्या कडेची रेघ यायची, पण पेशंट मध्येच हलला ही भानगड नव्हती, कारण 'मध्ये' असं काही नव्हतंच. डीआरमध्ये (डिटेक्टरवरून इमेज थेट कॉम्प्युटरवर येते ती पद्धत) डिटेक्टर खाली सरकतो, किरण सोडणारी ट्यूब त्याच्याबरोबर जाते, दोन-तीन एक्सपोजर होतात आणि त्यात काही सेकंद जातात. मग सॉफ्टवेअर ते तुकडे जोडून एक इमेज देतं, हेच स्टिचिंग.

कंपनीचा माणूस डेमो देताना हे बटण मोठ्या कौतुकाने दाबून दाखवतो. माझं मत असं, की जोड ते बटण लावत नाही. जोड लागतो स्टँडवर, पेशंट उभा करतानाच. तिथे गडबड झाली, तर सॉफ्टवेअर ती दुरुस्त करत नाही, फक्त गुळगुळीत करून झाकतं. आणि झाकलेली चूक उघड्या चुकीपेक्षा वाईट, कारण सर्जन त्या इमेजवर रेषा मारणार असतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढायची आणि ती गुडघ्यातून कुठून जाते ते पाहायचं: मधून, आतून की बाहेरून. सांधा बदलताना हाड किती अंशात कापायचं ते त्यावर ठरतं. दोन-तीन अंशांनीसुद्धा बेत बदलू शकतो.

म्हणून उभं करण्यापासून सुरुवात. पायाचे अंगठे समोर करायचे नाहीत, गुडघ्याच्या वाट्या समोर करायच्या. पाय बाहेर फेकून चालणाऱ्या माणसाचे अंगठे सरळ केलेत, तर गुडघे आत वळतात आणि बाक आहे त्यापेक्षा वेगळा दिसतो. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. एक पाय आखूड असेल तर त्याखाली लाकडी ठोकळा द्या आणि तो किती सेंटीमीटरचा होता ते इमेजवर लिहा. मुंबईत आमच्याकडे येणाऱ्या आज्या लोकलचे जिने चढून-उतरून आधीच थकलेल्या असतात. त्यांना धरायला बार द्या, आधी पाच मिनिटं बसू द्या. मग एक कोरडी तालीम: एक्सपोजर न देता मशीन वरून खाली फिरवून दाखवा. "आजी, हे मशीन असं खाली येईल, तुम्ही जिथे आहात तिथेच, मी सांगेपर्यंत हलायचं नाही." मशीन अंगाजवळून सरकताना माणूस दचकून मागे होतो. एकदा पाहिलेलं असलं की होत नाही. हीच सूचना हिंदीत आणि मोडक्यातोडक्या का होईना, गुजरातीत देता आली पाहिजे, नाहीतर पेशंट 'हलू नका' ऐकून 'काय म्हणालात?' असं विचारायला वळतो.

आता पॅरॅलॅक्स. हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला असेल तर विसरा आणि स्टँडकडे बघा. स्टँडवर शिशाच्या खुणांची पट्टी असते, ती डिटेक्टरला जवळजवळ चिकटलेली. हाड मात्र डिटेक्टरच्या आठ-दहा सेंटीमीटर पुढे. ट्यूब सरळ खाली सरकवून दुसरा फोटो काढला, की किरण वेगळ्या जागेवरून येतात आणि पट्टीच्या मानाने हाडाची सावली सरकते. आकडा घालून पाहा: ट्यूब १८० सेंटीमीटरवर, हाड डिटेक्टरपासून १० सेंटीमीटर पुढे, ट्यूब ३६ सेंटीमीटर सरकली, तर सावली साधारण २.१ सेंटीमीटर सरकते. म्हणजे पट्टीच्या खुणा जुळवल्या तर हाड तुटतं आणि हाड जुळवलं तर पट्टी तुटते. दोन्ही एकदम जुळणं शक्यच नाही. ज्या मशीनमध्ये ट्यूब एकाच जागी राहून फक्त मान खाली-वर करते, तिथे किरण कायम एकाच बिंदूतून निघतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. नव्या जागी रुजू झालात की पहिल्याच दिवशी विचारा: आपली ट्यूब सरकते की झुकते? उत्तरावरून जोड कशाच्या आधारे तपासायचा ते ठरतं. सीनियरलाही ते माहीत नसेल, असं होतं. तेव्हा मशीन चालवून डोळ्यांनी पाहा.

जोड कुठे येईल हे शक्यतो तुमच्या हातात ठेवा. मांडीच्या मध्यावर आणि पोटरीच्या मध्यावर आला तर उत्तम, गुडघ्याच्या सांध्यावर मुळीच नको. तुकडे एकमेकांवर काही सेंटीमीटर चढलेले हवेत. खुबा जाड, घोटा बारीक, त्यामुळे प्रत्येक तुकड्याचं एक्सपोजर वेगळं ठेवावं लागतं, आणि डावं-उजवं मार्कर प्रत्येक तुकड्यात असावं.

इमेज जोडून आली की लगेच 'ओके' करू नका. पूर्ण आकारात मोठी करून जोडाच्या रेघेवर जा. हाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या कडेला पायरी आहे का? कातडीची बाहेरची रेघ सलग आहे का? हाडाची कड सॉफ्टवेअर जुळवून टाकतं, कातडीकडे त्याचं लक्ष नसतं, त्यामुळे हललेला पेशंट तिथे पकडला जातो. आत रॉड किंवा स्क्रू असेल तर सोन्याहून पिवळं, धातूची रेघ खोटं बोलत नाही.

कण्याच्या बाबतीत यात आणखी एक काम वाढतं: मणके मोजा. मणके दिसायला सारखे असतात, आणि आपोआप जुळवणी करताना एक मणका गायब होऊ शकतो किंवा दोनदा येऊ शकतो. दिसायला कणा झकास सलग दिसेल आणि छातीचे मणके बाराऐवजी अकराच भरतील. मूळचेच अकरा किंवा तेरा असलेली माणसंही असतात, म्हणून शंका आली की न जोडलेले तुकडे उघडून मोजा. कण्याचा बाक मोजायची पद्धत जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, तीच आजही चालते. वाकलेल्या भागाच्या दोन टोकांच्या मणक्यांवरून कोन काढतात आणि १० अंश किंवा जास्त असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. म्हणून जोड बाकाच्या ऐन टोकावर येऊ देऊ नका. शिवाय या पेशंट बहुतेकदा वाढत्या वयाच्या मुली असतात आणि त्यांचा एक्स-रे वारंवार होतो. त्यांना डिटेक्टरकडे तोंड करून उभं करा, किरण पाठीकडून जाऊ द्या, छातीला बसणारा डोस बराच कमी होतो. मणक्यांचे सर्जन ही फिल्म पाठीकडून पाहिल्यासारखी लावतात, म्हणजे पेशंटची डावी बाजू त्यांच्या डावीकडे. रेडिओलॉजिस्टची सवय उलटी. दोघांशी आधी बोलून ठरवा आणि मार्कर ठळक ठेवा.

प्रिंटचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते निम्मे वाद तिथेच होतात. ११० सेंटीमीटरची इमेज १४ बाय १७ इंचांच्या एका फिल्मवर बसवली, तर ती मूळच्या साधारण ३९ टक्के होते. कोन बदलत नाहीत, लांबी बदलते. दोन पायांत १० मिलिमीटरचा फरक असेल तर फिल्मवर तो ४ मिलिमीटरच्याही आत दिसतो. कुणी पट्टी लावून मोजलं की संपलं. त्यामुळे फिल्मवर मोजपट्टी छापली गेलीच पाहिजे आणि किती टक्क्यांवर प्रिंट आहे तेही. सर्जनला खऱ्या मापाची प्रिंट हवी असेल तर प्रिंटरची 'फिल्ममध्ये बसवा' ही सेटिंग बंद करून दोन-तीन फिल्मवर तुकड्यांनी काढा आणि दोन्हीकडे समान खूण ठेवा, म्हणजे चिकटवताना अंदाज लावावा लागत नाही.

'खरं माप' म्हणजेसुद्धा हाडाचं माप नव्हे. हाड डिटेक्टरपासून लांब असल्याने सावली मोठी पडते. त्यासाठी २५ मिलिमीटरचा धातूचा गोळा हाडाच्या पातळीवर लावतात. इमेजवर तो २७.५ भरला तर मोठेपणा ११० टक्के. गोळा स्टँडला चिकटवला तर त्याचा काही उपयोग नाही, तो हाडाइतकाच पुढे हवा. जाड पेशंटमध्ये खुब्याचं हाड खूप आत असतं, तिथे हात लावून अंदाज घ्यावा लागतो. पेशंटला आधी सांगून, विचारून.

ड्राय फिल्म उष्णतेने काळवंडते. गाडीच्या काचेखाली ठेवू नका, हे पेशंटला सांगा. पावसाळ्यात पाकिटावर प्लॅस्टिकची पिशवी द्या, आणि घडी घालायची वेळ आलीच तर गुडघ्यावर नको.

एमआरआयमध्येही पूर्ण कण्याची इमेज तुकड्यांतून जोडतात. तिथे पेशंट निजलेला असतो, हलण्याचा त्रास कमी, पण प्रत्येक तुकड्याच्या कडेला चित्र ताणलं जातं. मणक्यांचा क्रमांक ठरवायला ती इमेज फार उपयोगी, मापं काढायला नाही.

डोसचं गणित विसरू नका. एक तुकडा बिघडला म्हणजे बहुतेक वेळा सगळे पुन्हा. आणि किरणांजवळ काम करणाऱ्या आपल्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट (डोसचं एकक) ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंगावर लावायचा, डोस मोजणारा टीएलडी बॅज लॉकरमध्ये ठेवून काम करणारे मी पाहिले आहेत. त्या बॅजचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी शून्य येतो आणि ते खूश असतात.

इंटरव्ह्यूला जाताना 'स्टिचिंग येतं' एवढंच सांगू नका, तसं सगळेच सांगतात. ट्यूब सरकणारी वापरली की झुकणारी, प्रिंट कशी काढत होतात, जोड कसा तपासता, हे सांगा. आणि रुजू झाल्यावर आधी एक बघा: जोडलेल्या इमेजबरोबर मूळ तुकडेही पॅक्सवर (इमेज साठवायच्या सर्व्हरवर) जातात का? बऱ्याच ठिकाणी फक्त जोडलेली इमेज पाठवायची सेटिंग असते. ती बदलून घ्या, कारण चार महिन्यांनी सर्जनचा फोन आला तर जोड बरोबर होता की नाही ते फक्त त्या तुकड्यांवरूनच दाखवता येतं.