जुन्या ओम्नी कॅम्परचा गिअरबॉक्स: उतरवण्याआधी या चुका टाळा

मारुतीची ओम्नी व्हॅन २०१९ मध्येच बंद झाली. म्हणजे कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय) केलेली प्रत्येक ओम्नी आता जुनीच, आणि गिअर अडला की मिस्त्री थेट बॉक्स उतरवायचं बोलतो. घाई करू नका. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, रिव्हर्सला कर्रर्र वाजतं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी केबल बघा. लिव्हर नुसताच डगडगत असेल, तर लिंकेजचे, म्हणजे लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांचे, बुश बघा.

आवाजाचंही तसंच. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर दोष बहुधा इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा, आणि मग मात्र बॉक्स उतरवावा लागतो. गाडी सुटताना खाडकन वाजलं तर प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.

सगळ्यात महागात पडते ती ऑइलची चूक. डिफरन्शियलसाठी (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरसाठी) आणलेलं जीएल-५ दर्जाचं ऑइल उरलंय म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओततात. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४च भरा. आणि ऑइल सोडायचा खालचा बोल्ट काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना, ते बघा; तो जाम निघाला तर रिकाम्या बॉक्सची गाडी जागेवरच उभी! निघालेलं ऑइल बोटांवर चोळा. सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो झिजताहेत. बारीक करडा लेप चालतो, लोखंडाचे तुकडे नाही.

कुर्ल्याच्या बाजारातून जुना बॉक्स आणताय? स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) आणि माउंटिंग आपल्या बॉक्सशी ताडून बघा, प्रत्येक गिअरमध्ये शाफ्ट हाताने फिरवून पाहा. बॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. पलंग, पाण्याची टाकी, जादा बॅटरी असा संसार ७९६ सीसीचं इंजिन ओढतं. आंबोलीच्या चढावर त्याची किंमत क्लच मोजतो.

चढवताना क्लच प्लेट बरोबर मधोमध न बसवताच बॉक्स बोल्टनी ओढून बसवणारे महाभाग आहेत. फट दिसतेय तोवर बोल्ट आवळू नका, बॉक्सचा अॅल्युमिनियमचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तुटतो. बॉक्स इनपुट शाफ्टवर लटकवूनही ठेवू नका. प्लेटचा हब वाकतो आणि गाडी सुटताना थरथरते. शेवटी पेडलला थोडी मोकळीक ठेवा, नाहीतर नवीन रिलीज बेअरिंग विनाकारण सतत फिरत राहील.