आपल्याच जुन्या गाडीचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी मला अर्धवट झालेल्या मॉडेलचा फोटो पाठवतं. खाली एकच ओळ असते : ‘दादा, काहीतरी चुकलंय, पण काय ते सापडत नाही.’ मी फोटो मोठा करून आधी चाकं बघतो. बहुतेक वेळा पुढे जावंच लागत नाही.

बॉडी मापून, कापून, घासून नीट केलेली असते आणि चाकं मात्र खेळण्यातल्या गाडीची काढून लावलेली असतात. मारुती ८०० घ्या. तिचा टायर १४५/७० आर १२. रिम १२ इंचाची, म्हणजे ३०५ मिमी. टायरची भिंत १४५ च्या ७० टक्के, म्हणजे साधारण १०१ मिमी, ती वर एकदा आणि खाली एकदा. एकूण ५०८ मिमी. १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलसाठी २४ ने भागा : २१ मिमी. तुमच्या हातातलं तयार चाक मोजून बघा, ते २६ किंवा २८ निघेल. एवढ्या फरकाने साधी ८०० जीपसारखी उंच दिसायला लागते आणि लोक दोष छताला देतात. टायरचा आकडा टायरवरच छापलेला असतो, गणित दोन मिनिटांचं आहे. मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून मापाची ओ-रिंग आणतो, रिमसाठी अॅक्रिलिकची दांडी ड्रिल मशीनमध्ये धरतो आणि पॉलिश पेपरने उतरवतो. चार चाकांना एक अख्खा रविवार जातो. जाऊ द्या.

‘त्या मॉडेलची’ गाडी बनवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती हातांची नसते. माणूस म्हणतो, माझी पहिली गाडी बनवायची आहे. मग मोबाइलवर गाडीचं नाव टाकतो, सगळ्यात स्वच्छ फोटो उतरवून घेतो आणि कामाला लागतो. तो फोटो कुणा दुसऱ्याच्या गाडीचा असतो.

माझी ८०० होती १९९३ ची, पांढरी. २००६ मध्ये विकली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा मीही हेच केलं. फोटो छान होते, समोरून, बाजूने, मागून. दीड महिना खपून मी बॉडी उभी केली, बॉनेटची घडी जमवली, बंपर घासून गुळगुळीत केला. रंगाच्या आदल्या दिवशी बायको चहा घेऊन आली, मॉडेलकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘आपल्या गाडीचं तोंड असं गोल कुठं होतं?’

मी अल्बम काढला. पोरीच्या बारशाच्या दिवशी गाडीपुढे काढलेला फोटो होता. चौकोनी दिवे, सरळ कडा, काळी जाळी. १९९७ मध्ये कंपनीने ८०० चा तोंडवळा बदलला आणि कडा गोलसर केल्या. मी उतरवून घेतलेले सगळे फोटो त्यानंतरच्या गाडीचे होते. दुरुस्ती शक्य नव्हती, कारण बॉनेटचा उतारच वेगळा. ती बॉडी बाजूला ठेवली आणि कोऱ्या शीटपासून पुन्हा सुरुवात केली. ज्या गाडीत तेरा वर्षं बसलो, तिचं तोंड मला आठवत नव्हतं. आठवतंय असं वाटत होतं, एवढंच.

पद्मिनीवाल्यांना तर हा सापळा आणखी मोठा आहे. पद्मिनी म्हणून शोधलं की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीच समोर येते, कारण प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी टॅक्सी म्हणूनच सगळ्यात जास्त टिपली गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली तेव्हा तर फोटोंचा पूरच आला. टॅक्सीला डाव्या अंगाला बाहेर मीटर, छतावर कॅरियर, रंगांची वेगळी वाटणी. ते बघून बनवलेल्या घरच्या पद्मिनीवर लोक कॅरियर चढवतात आणि वडील विचारतात, ‘आपण हा कधी लावला होता?’

त्यामुळे माझी पद्धत अशी. शीटला हात लावण्याआधी घरातले सगळे अल्बम जमिनीवर मांडायचे. लग्न, मुंज, दसऱ्याला हार घातलेली गाडी, सहलीत झाडाखाली उभी केलेली गाडी. त्यात गाडी कोपऱ्यात अर्धीच दिसत असेल तरी चालेल. नातेवाइकांकडून मागवा, मावशीच्या अल्बममध्ये तुमच्या गाडीचं मागचं दार सापडतं. जुनं आरसी बुक किंवा त्याची झेरॉक्स असेल तर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बनली ते कळतं आणि त्यावरून कुठला तोंडवळा ते ठरतं. मग त्याच सालची गाडी कुठे उभी आहे ते शोधा. तालुक्याच्या गावी एखाद्या गॅरेजच्या मागे नक्की सापडते. मालकाला विचारा, टेप घेऊन जा, हेडलाइटची उंची, दाराची रुंदी, काचेचा तिरकेपणा स्वतः मोजा. मापं घेऊ नका असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. उलट चहा मिळतो आणि त्यांच्या गाडीची गोष्टही ऐकायला मिळते.

तिथे फोटो काढताना गाडीला चिकटून उभं राहू नका. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं आणि मागची बाजू आकसते. त्यावरून घेतलेली मापं सगळी खोटी. दहा-पंधरा पावलं मागे जा, फोन चाकांच्या मधोमध आणि गाडीच्या निम्म्या उंचीवर धरा, झूम करा. फोटो मॉडेलच्या मापात छापल्यावर व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने ताडून बघा : ८०० चा २१७५ मिमी, म्हणजे १:२४ ला ९०.६, पद्मिनीचा २३४०, म्हणजे ९७.५. पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्याच्या केंद्रापर्यंत पट्टीवर हा आकडा आला नाही, तर तो कागद फाडून टाका आणि पुन्हा छापा.

जाडीचा हिशेब

तीन मिमीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, १:२४ ला खऱ्या गाडीत ७२ मिमी जाड होतो. दारासाठी एक वेळ चालून जाईल, पण काचेशेजारच्या खांबांसाठी? जुन्या गाड्यांचे खांब फार नाजूक. पद्मिनीचं सगळं देखणेपण त्या बारीक खांबांत आणि मोठ्या काचांत आहे. सनबोर्डचे खांब लावले की गाडी चिलखत घातल्यासारखी दिसते. खांब आणि छताची कड अर्ध्या ते एक मिमीच्या स्टायरीन, म्हणजे प्लॅस्टिकच्या शीटचीच हवी, आणि छताभोवतीची पन्हळ मी बारीक तांब्याच्या तारेची करतो. दोन्ही बाजू एकावर एक टेपने चिकटवून एकदमच कापा. वेगवेगळ्या कापलेल्या बाजू कधीच सारख्या येत नाहीत.

‘लहान मॉडेल सोपं’ म्हणून पहिल्यांदाच १:४३ घेणाऱ्यांना मी परत पाठवतो. त्यात ८०० आठ सेंटीमीटरचीही होत नाही, खांब एक मिमीच्या आसपास येतो आणि नवखा हात तिथे टिकत नाही.

घाई, लांबी आणि पावसाळा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाला त्यांची पद्मिनी द्यायची असं मी ठरवलं होतं. वाढदिवस श्रावणात. काम लांबत गेलं. मागच्या अंगाला जे दोन पंख आहेत त्यांचा आकार मनासारखा येईना, तेव्हा मी तिथे एनसी लांबी, म्हणजे डब्यातून थेट लावायची थिनरवाली लांबी, चांगली तीन-चार मिमी जाड भरली. दुसऱ्या दिवशी वरून कडक लागली, पेपर मारला, प्रायमर मारला आणि त्याच संध्याकाळी ड्युको, म्हणजे गॅरेजवाल्यांचा लॅकर रंग. बाहेर रिपरिप चालू होती, खिडकी उघडी. दहा मिनिटांत छतावर पांढुरकी साय आली, दुधावर येते तशी. मी वरून आणखी एक हात मारला, तो तसाच धुरकटला. पॉलिश करकरून जेवढं निघालं तेवढं काढलं आणि गाडी दिली.

अण्णा खूश झाले, सगळ्यांना दाखवली. महिन्याभराने घरी गेलो तेव्हा दोन्ही पंखांवर लांबीच्या कडेने खळगी उमटली होती. ते बोलताना नकळत त्यावरून अंगठा फिरवत होते. मला तिथे बसवेना.

झालं काय ते सांगतो. एनसी लांबी वाळते ती आतला थिनर उडून जाऊन. थिनर जातो तशी लांबी आकसते. जाड थर वरून वाळतो, आत ओलाच राहतो आणि रंगाखाली आठवडेच्या आठवडे आकसत बसतो. म्हणून ती ओरखड्यांपुरती, पातळ, एकेक हात वाळवत. खड्डा भरायचा असेल तर हार्डनर घालून लावायची दोन भागांची बॉडी लांबी किंवा एम-सील. त्या रासायनिक क्रियेने घट्ट होतात, आकसणं फार कमी. सायीचं कारण वेगळं. लॅकरमधला थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. गॅरेजवाले पावसाळ्यात यासाठी रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा थिनर वापरतात. तुम्हीही वापरू शकता. मी वापरत नाही. मी जून ते सप्टेंबर फक्त कापाकापी आणि घासकाम करतो, रंग दिवाळीनंतर. ज्यांना दोन आठवड्यांत गाडी तयार हवी असते त्यांना हे पटत नाही, आणि त्यांच्याच छतावर साय येते.

पेपर मारण्याआधी तुकडा नाकाशी नेऊन बघा. थिनरचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही, घड्याळ काहीही सांगो. आणि स्टायरीनवर ड्युको थेट ओतू नका, थिनर शीट खातो. आधी प्रायमरचे दोन-तीन अगदी हलके, कोरडे हात.

रंगाच्या छटेबद्दल एवढंच : जुना अल्बम रंगाला साक्षीदार म्हणून धरू नका, छापील फोटो पिवळट-लालसर होत जातात. गाडी अजून असेल तर डिकीच्या आत किंवा दाराच्या रबराखाली बघा, तिथे ऊन पोहोचलेलं नसतं. रंगाच्या दुकानातून तीच छटा मिसळून आणली तरी लहान वस्तूवर ती गडद वाटते. मी त्यात थोडा पांढरा घालतो आणि प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारून उन्हात धरून बघतो. मेटॅलिक रंग गाडीचा तोच वापराल तर त्यातले कण १:२४ ला चुन्याच्या खड्यांएवढे दिसतील.

थोडक्यात, पण विसरू नका

काचांना फेविक्विक नको. त्याची वाफ पारदर्शक शीटवर पांढरी बसते आणि निघत नाही. फेविकॉल लावा, तो वाळल्यावर दिसत नाही.

कुणाची तरी थ्रीडी फाइल उतरवून छापणं ही वाट मला मान्य आहे, पण फाइल तुमच्या सालची आहे का ते मापून बघा, आणि थरांच्या रेषा घासायला तेवढेच दिवस लागतात हे आधीच धरून चाला. ‘प्रिंट केली, रंग मारला’ असली मॉडेल्स दुरून ओळखू येतात.

खेळण्यातली पुलबॅक गाडी रंगवून आपली म्हणू नका. तिचं अंग आतल्या स्प्रिंगसाठी आखूड-रुंद केलेलं असतं. रंगाचा हात बसवायला मात्र ती उत्तम.

पोच, ओरखडे, मागच्या काचेवरचं स्टिकर, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटवरचा टॉवेल हे सगळं शेवटी, आणि फोटोत दिसतंय तेवढंच. मनाने गंज लावू नका.

नंबरपाटी छापून घेताना साल बघा. नव्वदच्या दशकात खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असत. एमएच मालिका १९८९ मध्ये आली, त्याआधीच्या नंबरात तीन अक्षरं होती. आजची ‘आयएनडी’ लिहिलेली पाटी नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. ती १९८५ च्या पद्मिनीवर बघितली की बाकीचं कामही नजरेतून उतरतं. आकडे पेंटरने हाताने काढलेले असतील तर तेच वळण फोटोवरून गिरवा. मराठी आकडे असतील तर मराठीच.

अण्णांची पद्मिनी मी परत मागून आणली, रंग पार खरवडला, पंख एम-सीलने नव्याने बांधले आणि कार्तिकात रंगवली. दुसऱ्यांदा हातात घेतली तेव्हा त्यांनी आधी पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचला. मग पुढच्या दाराच्या छोट्या तिकोनी काचेवर नख टेकवलं आणि म्हणाले, ‘ही मी कधी पूर्ण बंद ठेवली नाही. वारा यायचा.’ फेविकॉलने बसवलेली होती म्हणून ओल्या कापसाने दहा मिनिटांत सुटली. आता ती अर्धी उघडी आहे.