मोजक्या माणसांचं लग्न: पाहुण्यांची यादी कशी आवरावी

लग्नाचा खर्च कमी करायचा म्हटलं की आधी फुलं कमी होतात, मग पत्रिका साधी होते, मग कपड्यांत काटकसर सुरू होते. त्यानं थोडंफार वाचतं. मोठा फरक पडतो तो ताटांच्या संख्येनं. जेवण, खुर्ची, टेबल, पत्रिका, भेटवस्तू, बाहेरगावच्यांचा मुक्काम हे सगळं माणशी वाढत जातं. शिवाय माणसं वाढली की जागाही मोठी घ्यावी लागते, म्हणजे भाडं एकदम पुढच्या पायरीवर चढतं.

म्हणून कागदावर एकही नाव लिहिण्याआधी आकडा काढा. नावं आधी लिहिली की प्रत्येक नाव खोडताना जीव तुटतो. आकडा आधी ठरला असेल तर तेच काम निवडीचं होतं.

तुमच्याकडे असलेल्या रकमेचे 100 भाग समजा. माणशी न मोजला जाणारा खर्च, म्हणजे जागा, फोटो, कपडे, सजावट, यात 40 भाग गेले. ऐनवेळच्या खर्चासाठी 10 भाग बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. उरले 50. आता एका पाहुण्यामागे सगळं धरून पाऊण भाग लागत असेल, तर 50 भागिले 0.75, म्हणजे 66 माणसं. हा तुमचा आकडा. माणशी खर्च काढताना फक्त जेवणाचा दर धरला, तर हिशोब इथेच चुकतो. वाढपी, भांडी, टेबल-खुर्चीचं भाडं आणि कर त्या दरात आहेत का, हे लेखी विचारून घ्या.

या 66 मध्ये नवरा-नवरी आणि दोन्ही घरची माणसं आलीच, समजा 14. फोटोग्राफर, वादक, चालक यांनाही जेवायला लागतं, समजा 6. यांना धरायचं बहुतेक जण विसरतात. राहिली 46. त्यांचे आधीच वाटे करा: नवरा-नवरीच्या मित्रमंडळींना 16, दोन्ही घरांना प्रत्येकी 15. खर्चाचा मोठा वाटा एखादं घर उचलत असेल तर त्याचा वाटा थोडा वाढेल, पण तो बोलून ठरवा, आणि यादी करण्याआधी ठरवा. एकदा वाटे झाले की ज्याचं माणूस वाढेल त्यानं आपल्याच वाट्यातून एक कमी करायचं. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही.

यादी एकाच तक्त्यात ठेवा: नाव, कुणाच्या वाट्यातलं, किती डोकी, निमंत्रण कधी गेलं, उत्तर काय आलं. ‘डोकी’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 30 निमंत्रणं म्हणजे 30 माणसं नव्हेत. घरटी तीन धरली तर 90 झाली. मुलांचीही डोकी मोजा, कारण खुर्ची त्यांनाही लागते. तक्त्यात बदल मात्र एकाच माणसानं करायचे.

निवडताना प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात यांच्याशी नीट बोलणं झालं आहे का? लग्न नसतं, तर यांना स्वतःच्या खर्चानं जेवायला नेलं असतं का? दोन्हींना ‘नाही’ आलं तर नाव खाली जातं. ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं’ एवढंच कारण असेल तर ते पुरेसं धरू नका.

नात्यांच्या बाबतीत मात्र एकेक माणूस निवडू नका, तिथे नियम लावा. चुलत-मामे भावंडं बोलवायची तर सगळी, नाहीतर कुणीच नाही. ऑफिसचंही तसंच: रोज बरोबर काम करणारे चार जण, किंवा कुणीच नाही. पाचातल्या तिघांना बोलावलं की उरलेल्या दोघांचं मन दुखतं, आणि ते वर्षानुवर्षं दुखत राहतं. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो सांगता येतो आणि ऐकणाऱ्यालाही पटतो.

यादी फुगते ती बहुतेक वेळा तोंडी निमंत्रणांनी. रस्त्यात कुणी भेटतं, अभिनंदन करतं आणि तोंडातून सहज निघतं, ‘या हं नक्की!’ आकडा पक्का होईपर्यंत घरात सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: ‘अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की कळवतो.’ ग्रुपवर तारीख आणि पत्ता टाकू नका. वाचणारा प्रत्येक जण स्वतःला निमंत्रित समजतो, आणि त्यात त्याची चूक नसते. पाकिटावर ‘सहकुटुंब’ लिहिलं की घरात पाहुणे आलेले असले तर तेही येतात. जी बोलवायची आहेत त्यांचीच नावं लिहा, आणि खाली ‘आपल्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत’ अशी एक ओळ टाका.

नकार द्यायचा तर लवकर आणि थोडक्यात द्या. ‘जागा 66 माणसांचीच घेतली आहे, त्यामुळे घरच्यांपुरतंच करतोय. नंतर तुमच्याकडे मुद्दाम येऊ.’ एवढं बास. पैशांची कारणं दिली की समोरचा उपाय सुचवायला लागतो; जागेचं कारण खरं असतं आणि तिथेच थांबतं. म्हणून जागा खरोखर लहानच घ्या. 200 माणसांचा हॉल स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला, तर रिकाम्या खुर्च्या भरायचा मोह कुणालाच आवरत नाही. किमान ताटांची अट आहे का तेही पाहा. 100 ताटांची अट असेल तर तुमच्या 66 चा उपयोग नाही.

‘थोडे येणार नाहीतच’ असं धरून जास्त निमंत्रणं पाठवू नका. सगळे आले तर? राखीव नावं ठेवायची असतील तर पहिली निमंत्रणं दोन-अडीच महिने आधी जाऊ द्या, म्हणजे लवकर आलेल्या नकारांच्या जागी दुसऱ्यांना किमान महिनाभर आधी बोलावता येतं. त्याहून उशीर झाला की आपण मागाहून सुचलो, हे त्यांना कळतं. उत्तराची तारीख लग्नाच्या तीन आठवडे आधीची ठेवा. त्या तारखेनंतर गप्प राहिलेल्यांना दोन दिवसांत फोन करा.

एका टेबलाला आठ खुर्च्या असतील तर 64 माणसांना आठ टेबलं पुरतात. 65 वा आला की नववं टेबल, त्यावरचं कापड, फुलं आणि वाढपी असं सगळं एका माणसापायी वाढतं. अंतिम आकडा देण्याआधी टेबलांचं हे गणित एकदा करून पाहा. एक-दोन माणसं कमी-जास्त करायची असतील तर तीच वेळ. केटररला आकडा लेखी कळवा आणि त्याच दिवशी तक्ता बंद करा.