व्हिनेगर आणि सोडा वेगळे केले, तेव्हा नळ चमकला

विकतच्या क्लीनरच्या वासाने मुलीला शिंका यायच्या, म्हणून मी घरीच क्लीनर करायला घेतला. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला, फेस बसल्यासारखा वाटला तसं बाटलीला झाकण लावलं. सकाळी बघते तर बाटली फुगून टणक! झाकण जपून सैल केलं तेव्हा फस्सकन वायू निघाला. आणि नळावरचा पांढरा थर? कितीही घासला तरी हलेना.

कारण साधं होतं. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो: कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट.

मग दोघांची कामं वाटून दिली. नळावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, तो आम्लात विरघळतो. 5 टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्ये फडका भिजवून नळाला गुंडाळला. अर्ध्या तासाने थर ओल्या खडूसारखा मऊ झाला होता, जुन्या टूथब्रशने अलगद सुटला. लगेच पाण्याने धुतला. तेलकट डागांना 3 चमचे सोडा, 1 चमचा पाणी असा लेप.

संगमरवरावर मात्र व्हिनेगर नको, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. ब्लीचमध्ये तर एक थेंबही नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि उरलेला सोडा कृपा करून चेहऱ्याला चोळू नका. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, सोड्याने ती कोरडी पडते, चुरचुरते.