ब्लिट्झच्या डावात हात आणि घड्याळ कसे सांभाळावे

लोकलच्या प्रवासात मोबाइलवर बुद्धिबळाचे शेकडो ब्लिट्झ (काही मिनिटांचे अतिजलद) डाव खेळलेला मुंबईकर खेळाडू दादर-पार्ल्याच्या एखाद्या सभागृहात तोडीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर बसतो, तेव्हा पुष्कळदा तो चालींपेक्षा हातामुळे अधिक हरतो. मोबाइल नियमबाह्य चाल करूच देत नाही आणि पुढची चाल आधी लावून ठेवू देतो. पटावर या दोन्ही सोयी नसतात. म्हणून स्पर्धेपूर्वीचा सराव खरा पट आणि खरे घड्याळ मांडूनच करावा.

नेहमीचा वेळ म्हणजे ३ मिनिटे आणि प्रत्येक चालीला २ सेकंदांची भर, अर्थात ६० चालींना ५ मिनिटे. पाठ असलेल्या सुरुवातीच्या दहा-बारा चाली अर्ध्या मिनिटात उरकाव्यात आणि वाचलेला वेळ जिथे वजिरांची मारामारी होते किंवा प्याद्यांची रचना कायमची बदलते, अशा एक-दोन निर्णयांवर खर्च करावा, कारण तिथली चूक पुढे वेगाने खेळून भरून निघत नाही.

हाताची शिस्त मात्र अंगवळणीच पडायला हवी. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजा उचलावा आणि हत्तीही त्याच हाताने हलवावा. दोन्ही हातांनी चाल करून घड्याळ दाबले, तर ती नियमबाह्य चाल ठरते. अशा पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला १ मिनिट जास्त मिळते आणि दुसऱ्या चुकीला साधारणपणे डावच जातो. मोहरे पडले, तर ते स्वतःच्याच वेळात उभे करावे. मुंबईच्या दमट हवेत बोटे घामेजतात, त्यामुळे खिशात रुमाल ठेवावाच. प्यादे आठव्या घरात पोहोचून त्याचा वजीर करायचा असला आणि वजीर हाताशी नसला, तर घड्याळ थांबवून पंचांकडे तो मागावा. वजिराऐवजी उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच मानला जातो.

प्रतिस्पर्ध्याची नियमबाह्य चाल दिसल्यास आपली चाल करण्याआधी घड्याळ थांबवून पंचांना सांगावे. वाद घालत बसू नये.

शेवटच्या काही सेकंदांत डाव जिंकलेला असला, तरी सर्वांत जवळची मात शोधण्यात वेळ घालवू नये. आधी प्रतिस्पर्ध्याचे उरलेले शेवटचे प्यादे मारावे. त्याच्याकडे एकटा राजा उरला, की आपली वेळ संपली तरी डाव बरोबरीत सुटतो.